मोबाईलवरची विजेट्स: रोज बघून काही ठरवता, की नुसती शोभा?

टिपकागद

नमस्कार मंडळी,

नवा फोन घेतला. दुकानातल्या पोराने "काका, सेट करून देतो" म्हणत पहिलं पान विजेट्सनी, म्हणजे अ‍ॅप न उघडता माहिती दाखवणाऱ्या चौकटींनी, पार भरून टाकलं. अर्ध्या पडद्यावर घड्याळ-हवामान, त्याखाली बातम्या, मग आज किती पावलं चाललात, कसल्याशा ऑफरी, आणि "मेमरी साफ करा" म्हणत लुकलुकणारं एक गोल. घरी येऊन एकेक दाबून धरून काढून टाकलं. घड्याळ तेवढं ठेवलं.

आता पडदा मोकळा झालाय आणि मुलगी म्हणते, बाबा, तुम्ही सगळं उपयोगाचं काढलंत. म्हणून विचारतो. तुमच्या फोनवर असं कुठलं विजेट आहे का, की ज्याच्याकडे नुसतं बघून, अ‍ॅप न उघडता, तुम्ही काही ठरवता? छत्री घ्यायची का, आत्ता निघायचं की दहा मिनिटांनी, असं काहीही. माझं मत विचाराल तर बहुतेक विजेट्स दिवाणखान्यातल्या शोकेससारखी असतात. पाहुण्यांना दाखवायला बरी. पण मत बदलायची तयारी आहे.

---

मोरावळा

घड्याळ. बाकी सब मोहमाया.

---

खिडकीवाली

मोरावळा, घड्याळ तर वर कोपऱ्यात असतंच की फुकट!

टिपकागद, माझ्याकडे दोन आहेत आणि दोन्हींवरून रोज ठरतं. एक कॅलेंडरचं, पुढच्या तीन-चार दिवसांची यादी दाखवणारं. मुलीचा पोशाख पांढरा की नेहमीचा, कुणाचा क्लास रद्द, नवऱ्याची दुसरी पाळी कधी, सगळं त्यात. सकाळी पावणेसातला एका हातात डबा असताना अ‍ॅप उघडून "आज" शोधत बसायला कुणाला वेळ आहे?

दुसरं नोंदींचं. त्यात दुधाचे खाडे. "गुरु खाडा, शनि अर्धा जास्त, मंगळ पिशवी फुटकी." दूधवाला जिन्यात असतानाच टिपायचं. पूर्वी कालनिर्णयाच्या चौकटीत लिहायचे, पण पेन नेमकं तेव्हाच गायब असायचं.

---

बिनतारी

माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे जरा लांबण लावतो.

विजेट्स आज शोभेची वाटतात, पण सुरुवातीला ती गरज होती. अँड्रॉइडची १.५ आवृत्ती, कपकेक, २००९ साली आली, तेव्हापासून बाहेरच्या लोकांना विजेट्स बनवता यायला लागली. त्याच वर्षी नोकियाच्या एन९७ वरही पहिल्या पडद्यावर विजेट्स लावायची सोय होती, आणि एचटीसीचं ते पानं उलटणारं घड्याळ तर लोक मुद्दाम दुसऱ्यांना दाखवायचे. (टिपकागदांच्या शोकेसचा मुद्दा तिथे शंभर टक्के लागू.)

पण खरं कामाचं विजेट होतं ते १.६ मधलं पॉवर कंट्रोल. एकाच पट्टीत वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस, सिंक आणि उजेड. तेव्हा इंटरनेट महाग, बॅटरी तोळामासा. प्रत्येक गोष्ट बंद करायला सेटिंग्जमध्ये तीन-चार पायऱ्या उतराव्या लागायच्या. ती पट्टी नसती तर संध्याकाळपर्यंत फोन टिकला नसता. मग २०१२ मध्ये ४.२ आवृत्तीत हीच बटणं वरून ओढायच्या पडद्यात आली आणि ते विजेट कुणाला लागेनासं झालं. माझ्या मते विजेटचं आयुष्य असंच असतं. फोनमध्ये काहीतरी उणीव असते तोवर ते चालतं. कंपनीने उणीव भरली की गेलं.

आणखी एक जुनी गंमत. तेव्हा फोनची जागा इतकी कमी की अ‍ॅप्स मेमरी कार्डावर हलवायचो. अ‍ॅप कार्डावर गेलं की त्याचं विजेट चालत नसे. माझ्या मित्राला वाटायचं फोनला व्हायरस लागला.

---

रिकामटेकडा_नंबर_एक

+१ पॉवर कंट्रोलला. डोळे पाणावले.

अवांतर: विंडोज फोनच्या लाइव्ह टाइल्सची सर आजही कशाला नाही. चिन्ह आणि विजेट वेगळं ठेवायचंच नाही, चिन्हच बोलणार!

---

मोरावळा

@रिकामटेकडा, म्हणजे तो फोन घेणारे तुम्हीच होय!

---

सफरचंदी

बिनतारी, इतिहास सांगितलात, आमची बाजूही ऐका. आयफोनच्या पहिल्या पडद्यावर विजेट्स आली ती थेट २०२० मध्ये, आयओएस १४ बरोबर. त्याआधी २०१४ पासून वरून ओढायच्या सूचनांच्या पडद्यात आणि नंतर बाजूच्या एका पानावर होती, तिकडे कोण फिरकायचं नाही. मग २०२२ मध्ये लॉक केलेल्या पडद्यावर आली आणि २०२३ मध्ये विजेटवरचं बटण तिथल्या तिथे दाबता यायला लागलं. यादीतली गोष्ट झाली की विजेटवरच टिचकी, अ‍ॅप उघडायला नको.

उशीर झाला हे मान्य. पण एकावर एक रचून बोटाने सरकवायची सोय आम्हाला फार आवडते. एकाच जागेत कॅलेंडर, हवामान, बॅटरी. टिपकागदांना पडदा मोकळा हवा असेल तर हा मधला मार्ग.

---

बिनतारी

@सफरचंदी, अकरा वर्षं उशिरा येऊन वर "आम्ही केलं तेव्हा नीट केलं" हेही म्हणा म्हणजे झालं :) हलके घ्या.

---

सफरचंदी

तेच म्हणणार होते, तुम्ही वाक्य पळवलंत.

---

उंबरठा

धागा वाचतेय. एक भाबडा प्रश्न: विजेट्स बॅटरी खातात का? आमच्या ऑफिसात एकजण ठामपणे सांगतो की विजेट म्हणजे सतत चालू असलेलं अ‍ॅप.

---

बिनतारी

@उंबरठा, नाही. तुमच्या सहकाऱ्याचा समज अगदी सर्रास आढळतो, पण चुकीचा आहे. तुम्हाला दिसतं ते बहुतेक वेळा अ‍ॅपने तयार करून दिलेलं चित्र असतं. अ‍ॅप थोडा वेळ जागं होतं, नवा मजकूर देतं, झोपतं. पडद्यावर दाखवायचं काम फोनचं. अँड्रॉइडमध्ये "मला ठरावीक वेळाने ताजं कर" असं विजेटने सांगितलं तरी किमान अंतर ३० मिनिटांचं. त्याहून लवकर हवं असेल तर अ‍ॅपला निराळी खटपट करावी लागते. आयफोनवर तर ठरलेला कोटा असतो. नेहमी बघितल्या जाणाऱ्या विजेटला दिवसाकाठी साधारण ४० ते ७० वेळा ताजं होता येतं, म्हणजे १५ मिनिटं ते तासाभरात एकदा. घड्याळाचा अपवाद, त्याचे काटे फोनच हलवतो.

बॅटरी खरी जाते ती विजेटमागच्या कामात. दर वेळी तुमचं ठिकाण शोधणारं हवामान, दर वेळी फोटो उतरवून घेणाऱ्या बातम्या, असल्यांनी. कॅलेंडर आणि नोंदी जवळपास काही खात नाहीत.

त्रास उलट्या बाजूने जास्त होतो. काही फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात मागची अ‍ॅप्स इतकी दाबतात की विजेटला ताजं व्हायची संधीच मिळत नाही. मग सकाळचं तापमान दुपारी तसंच. एखादं अ‍ॅप तुम्ही सेटिंग्जमधून जबरदस्तीने थांबवलं असेल तर अँड्रॉइड १५ पासून त्याचं विजेट राखाडी होतं. हे मला आवडलं. निदान कळतं तरी की हे बंद पडलंय.

---

उंबरठा

वा, धन्यवाद. उद्या डब्याच्या वेळी ऐकवते त्याला.

---

संत्राबर्फी

जुन्या आकड्यावरून आठवलं. आमच्या बाबांच्या फोनवर पंचांगाचं विजेट आहे. तिथी, नक्षत्र, सूर्योदय, आणि संकष्टीला चंद्रोदय. बाबा नागपूरचे, अ‍ॅपमध्ये गाव मुंबई. कुणी बदललंच नाही, कारण गाव बदलायचं असतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला, त्यामुळे चंद्र आमच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. दिवसभर उपास केलेला माणूस, गच्चीवर चंद्र डोळ्यांना दिसतोय, आणि बाबा म्हणतात, "थांबा, मोबाईलवर अजून झाला नाही." आई मोदकांचं ताट घेऊन उभी. शेवटी तिने जे काही सुनावलं ते इथे लिहिता येत नाही.

---

मोरावळा

हाहाहा! काकूंना दंडवत.

---

काकडआरती

@संत्राबर्फी, गाव बदलून दिलंत की नाही? आणि तिथीचंही जरा तपासा. तिथी रात्री बाराला बदलत नाही, दिवसात कधीही बदलते. बरीचशी विजेट्स सूर्योदयाची तिथी दिवसभर दाखवतात. सणांना बहुतेक वेळा ते चालतं, पण संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी हवी. विजेटवर सकाळी तृतीया दिसते आणि लोक आज उपास नाही असं समजून मोकळे होतात. चांगल्या विजेटमध्ये "तृतीया अमुक वाजेपर्यंत" असं लिहिलेलं असतं. तेवढं आहे का बघून मगच घ्यावं.

---

संत्राबर्फी

बदललं हो. आता आईचा मोबाईलवर विश्वास नाही आणि बाबांचा आईवर नाही.

---

द्राक्षवाला

टिपकागद दादा, तुमच्या प्रश्नाला थोडा विरोध करतो.

निफाडकडे बाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर आमचा सगळा जीव आभाळात. पाऊस आला, पानं भिजलेली राहिली की डावणी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, आलीच म्हणून समजा. फवारणी आज घ्यायची की उद्या, यावर हजारोंचा हिशोब. आता विजेटवर काय दिसतं? एक ढग, तीन थेंब आणि ४० टक्के. त्यावरून मी फवारणी ठरवीन का? कधीच नाही. ४० टक्के कुठे? तालुक्याच्या गावात की माझ्या शिवारात? किती वाजता? फवारा मारून दोन तासांत सर आली तर औषध धुऊन गेलं, रात्री आली तर वेगळी गोष्ट. त्यासाठी तासातासाचा अंदाज, आर्द्रता, वारा बघायला लागतो. हवामान खात्याचं रडार बघतो, चार बागायतदारांच्या ग्रुपवर विचारतो.

पण विजेट काढलेलं नाही. कारण ते मला सांगतं की आता बघायची वेळ झाली. सकाळी सूर्य होता, दुपारी तिथे ढग आला, की मी रडार उघडतो. ते नसतं तर सोसायटीच्या मिटिंगमध्ये बसून राहिलो असतो. म्हणून "विजेट बघून ठरवता का" ही कसोटी अपुरी वाटते. "विजेट बघून उठता का" असं विचारा.

---

टिपकागद

@द्राक्षवाला, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वादच नाही. फक्त एक, तुमचं ते विजेट वेळेवर ताजं होतं का? बिनतारी म्हणतात तसा सकाळचाच सूर्य दुपारीही दिसत राहिला तर?

---

द्राक्षवाला

होत नव्हतं. भाच्याने त्या अ‍ॅपपुरती बॅटरीची बचत बंद करून दिली, शिवाय ठिकाण "आपोआप" ठेवलेलं ते काढून गावाचं नाव कायमचं टाकलं. मार्केटला नाशिकला गेलो की विजेट नाशिकचं हवामान दाखवायचं, बाग राहिली इकडे.

---

वाळवण

माझा अनुभव म्हाताऱ्या माणसांबद्दल. सासूबाईंना मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर दिसत नाही, नावांच्या यादीत बोट घसरतं. अँड्रॉइडच्या विजेटांच्या यादीत "डायरेक्ट डायल" म्हणून एक असतं. माणूस निवडायचा, पडद्यावर त्याचा फोटो येतो, दाबला की थेट फोन लागतो. आम्ही सहा फोटो लावले. मुलगा, सून, मुलगी, शेजारच्या वहिनी, डॉक्टर आणि अमेरिकेतला नातू. पानावर दुसरं काहीच नाही. दोन दिवसांत जमलं त्यांना. त्याआधी वर्षभर प्रत्येक फोनला कुणाला तरी हाक मारायच्या.

दोन गोष्टी सांभाळा. एक, म्हातारी बोटं जास्त वेळ दाबून धरतात, फोटो सरकतो, कचऱ्यात जातो. बऱ्याच फोनमध्ये पहिला पडदा कुलूपबंद करायची सोय सेटिंग्जमध्ये असते, ती चालू करा. दुसरं, हे विजेट "करू का फोन?" असं विचारत नाही. हात लागला की लागला.

---

रिकामटेकडा_नंबर_एक

म्हणजे नातवाला पहाटे तीनला...

---

वाळवण

@रिकामटेकडा, हो. "काही नाही रे, चुकून लागला, जेवलास का?" त्याने हल्ली रात्री फोन बंद ठेवायला सुरुवात केलीय.

---

खवचट_खारूताई

हे विजेट नाहीच मुळी. हा शॉर्टकट आहे. विजेट म्हणजे ज्यावर माहिती बदलत राहते ते. दुकानात क्यूआर स्कॅन करायचं चिन्ह लोक पहिल्या पडद्यावर ओढून ठेवतात आणि विजेट म्हणून मिरवतात, तोच प्रकार.

---

बिनतारी

@खारूताई, तांत्रिकदृष्ट्या तुमचं बरोबर, डायरेक्ट डायल आतून शॉर्टकटच. पण अँड्रॉइड ते विजेटांच्या यादीतच दाखवतं, मग लोकांनी दुसरं काय समजायचं? आणि सासूबाईंना फोन लागला ना, झालं तर.

---

खवचट_खारूताई

सासूबाईंबद्दल माझी काही तक्रार नाही. धाग्याचा विषय विजेट आहे म्हणून म्हटलं.

---

वाळवण

तुम्ही या आमच्याकडे आणि सासूबाईंना समजावून सांगा फरक. चहा देईन.

---

लिमलेट

मी शेअर बाजाराचं विजेट काढून टाकलं. एसआयपी पंधरा वर्षांची, बघायचो दर पंधरा मिनिटांनी. लाल दिसलं की जेवणात मीठ कमी लागायचं. पोर्टफोलिओत काडीचा बदल केला नाही, नुसता तोंडाचा रंग बदलायचा.

द्राक्षवाल्यांची कसोटी लावली तरी हे नापास, कारण बघून उठण्यासारखं काही नव्हतंच.

---

काकडआरती

@लिमलेट, शिवाय लोकलमध्ये शेजारचा सगळं बघतो. मी मेलचं विजेट ठेवलं होतं. विरारच्या गाडीत बाजूचे गृहस्थ म्हणाले, "तुमच्या लोनची मुदत उद्या संपतेय बघा." चांगल्या मनानेच म्हणाले असतील. तेव्हापासून मेल, बँक, मेसेज यातलं काहीही पडद्यावर नाही.

आता अँड्रॉइडच्या लॉक केलेल्या पडद्यावरही विजेट्स द्यायचं चाललंय म्हणतात. तिथे तर फोन टेबलावर ठेवला की अख्खं ऑफिस वाचणार.

---

बिनतारी

अँड्रॉइडने ते २०१२ मध्येच दिलं होतं, त्याच ४.२ आवृत्तीत. ५.० मध्ये काढलं. आता पुन्हा आणतायत, आधी टॅबवर आणि मग फोनवर. तुमचा मुद्दा रास्त. लॉक पडद्यावर हवामान, टायमर, बॅटरी एवढंच ठेवावं. कुणी वाचलं तरी बिघडत नाही असं.

---

सायली_नको_नुसतं_साय

आजवर फक्त वाचत होते, आज लिहिते.

माझ्या मुलाला टाइप वन मधुमेह आहे, चौथीत आहे. दंडावर सेन्सर असतो, तो दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा पाठवतो, आणि मुलगा शाळेत असताना तो माझ्या फोनच्या पहिल्या पडद्यावर दिसतो. आकडा आणि शेजारी बाण, चढतेय की उतरतेय ते सांगणारा. १२० आणि बाण आडवा असेल तर मी मिटिंगमध्ये शांत बसते. तोच १२० आणि बाण सरळ खाली, आणि पुढचा तास पीटीचा, तर बाईंना मेसेज जातो की त्याला आधी बिस्किटं खाऊ द्या. यासाठी दर वेळी अ‍ॅप उघडायचं म्हटलं असतं तर मी दिवसभर फोन हातात घेऊनच बसले असते. खाली-वर गेल्याचे अलार्म वेगळे वाजतातच, पण अलार्म वाजेपर्यंत वेळ गेलेली असते.

इथे शिळ्या आकड्याबद्दल बोलणं चाललंय, म्हणून मुद्दाम लिहायला आले. पंचांग चुकलं तर मोदक गार होतात. आमच्याकडे मुलाचा फोन दप्तरात तळाशी गेला, शाळेत रेंज गेली, की जुना आकडा तसाच दिसत राहतो आणि आपण निर्धास्त. म्हणून विजेट निवडताना मी दिसण्याकडे पाहिलंच नाही. आकड्याखाली "किती मिनिटांपूर्वीचा" हे ठळक दिसलं पाहिजे आणि जुना झाला की आकड्यावर काट पडली पाहिजे, एवढं बघितलं. इन्सुलिनचा डोस मात्र विजेटवरून कधीच नाही. तो अ‍ॅप उघडून, आणि शंका आली तर बोट टोचूनच. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, त्वचेखालच्या द्रवातली मोजतो, त्यामुळे साखर झपाट्याने बदलत असताना तो थोडा मागे असतो.

---

उंबरठा

सायली, फार उपयोगी प्रतिसाद. वाचनखूण साठवली. माझ्या बहिणीच्या मुलीला नुकतंच निदान झालंय, तिला पाठवते. चालेल ना?

---

सायली_नको_नुसतं_साय

@उंबरठा, जरूर पाठवा. शाळेतल्या बाईंशी कसं बोलायचं तेही विचारायचं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

टिपकागद

मुलीला धागा वाचायला दिला. "बघा" एवढंच म्हणाली.

माझ्यापुरतं ठरवलंय ते असं. हवामान परत लावलं, गाव कायमचं टाकून. कॅलेंडरचं लावलं, त्यात सध्या पेन्शनचं हयातीचं प्रमाणपत्र आणि दाताच्या डॉक्टरांची वेळ एवढंच आहे, पण असू दे. बातम्या, पावलं आणि ते लुकलुकणारं गोल यांना प्रवेश नाही. सायलींचा प्रतिसाद वाचल्यावर हवामानाखाली "कधी ताजं केलं" ती वेळ दिसते का शोधलं. आधीच्या विजेटमध्ये दिसत नव्हती, म्हणून दुसरं घेतलं.

पण शोकेसचं मत निम्मं तरी कायम आहे. या सगळ्या धाग्यात दुकानातल्या पोराने लावलेलं एकही विजेट तसंच्या तसं कुणी ठेवलेलं दिसत नाही.

---

सफरचंदी

@टिपकागद, शोभेला इतकं नावं नका ठेवू. २०२० मध्ये आम्ही रंग जुळवून स्वतःची विजेट्स बनवत रात्री जागवल्यात. माझ्याकडे अजून आजीच्या फोटोचं एक आहे. ते बघून काही ठरत नाही आणि कुठे उठायचंही नसतं.

---

मोरावळा

मला एवढंच सांगा, ते दुधाच्या खाड्यांचं विजेट कुठल्या अ‍ॅपचं? आमच्या दूधवाल्याचा हिशोब दर महिन्याला वेगळाच येतोय.

---

खिडकीवाली

@मोरावळा, गूगल कीप. एक नोंद करा, नाव "दूध". मग विजेटांमधून एकाच नोंदीचं विजेट निवडा, सगळ्या नोंदींचं नको. ते घरात सगळ्यांच्या फोनवर हवं असेल तर नोंद नवऱ्याबरोबर शेअर करा, म्हणजे दोघांनाही लिहिता येईल. फक्त खाडा त्याच दिवशी टिपायचा, महिन्याच्या शेवटी आठवून नाही. आणि हिशोब करताना दूधवाल्यासमोर फोन धरू नका, तोही वही काढतो आणि मग अर्धा तास जातो.